विनंती अर्ज किती वर्षं लिहायचे? फवारणी कामगारांना वाटाघाटीचा हक्क हवा

साखळीकर

नमस्कार.

मी डासांसाठी फवारणी करणारा कामगार आहे. काम सार्वजनिक संस्थेचं, मस्टर ठेकेदाराचं. दोघांचीही नावं मुद्दाम लिहीत नाही, सोबतच्यांच्या रोजीरोटीचा प्रश्न आहे. उत्तर गोव्यात हे काम करून नऊ वर्षं झाली. लोक आम्हाला 'मलेरियावाले' म्हणतात. दारात आलो की आतून हाक येते, "अगो, मलेरियावाले आले, पिंप उघड."

काम कसं असतं ते आधी सांगतो. जूनचा दुसरा आठवडा. नव्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी. डिपर, म्हणजे पाणी काढायची लांब दांड्याची पळी, बुडवून वर काढला की अळ्या वळवळत खाली पळतात. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याला समांतर आडवी पडलेली असते, डेंग्यूच्या डासाची डोकं खाली करून लटकलेली. खाली वाकलं की कळतं, कोणाला विचारावं लागत नाही. दहा लिटर पाण्यात अडीच मिली टेमिफॉस, म्हणजे अळ्या मारायचं औषध, घालायचं. मापाची नळी दोन वर्षांपूर्वी फुटली, तेव्हापासून बाटलीचं बूच हेच माप. हातमोज्यांची एक जोडी एप्रिलात मिळाली, मे संपायच्या आत अंगठ्याशी फाटली. पंपाचा वायसर गेलाय, त्यामुळे औषधाचं पाणी पाठीवरून कमरेपर्यंत झिरपतं. दुपारी डबा उघडताना हात तीनदा धुतला तरी वास जात नाही.

गेल्या जुलैत फॉगिंग करून आल्यावर आमच्यातल्या एकाला उलट्या सुरू झाल्या. घाम सुटला, डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं. चार दिवस इस्पितळात होता. पगाराच्या वेळी ते चार दिवस गैरहजेरीत टाकले. त्याच महिन्यात मुसळधार पावसामुळे दोन दिवस काम बंद ठेवायला सांगितलं होतं, तेही सगळ्यांचे कापले. मग आम्ही चौदा जणांनी चौदा विनंती अर्ज लिहिले. एकाने मजकूर लिहिला, बाकीच्यांनी उतरवून घेतला. "मेहेरबान साहेबांस, विनंतीपूर्वक कळवतो की…" पुढे ज्याची त्याची ओळख. तिघांचे पैसे परत आले, कारण त्यांच्या वाड्यावरचा एक माणूस पुढाऱ्याच्या जवळचा. अकरा जणांना काहीच नाही, आणि जो आजारी पडला तो त्या अकरांत.

त्या तिघांवर माझा राग नाही. त्यांनाही घर चालवायचं आहे. पण त्या दिवसापासून आमच्यात डबा एकत्र खाणं बंद झालं. हे मला पगारकपातीपेक्षा जास्त लागलं.

म्हणून विचारतो. ठेकेदाराच्या मस्टरवरच्या माणसांना संघटना करता येते का? सरकारी कामावर असताना मालकासमोर बसून, सगळ्यांच्या वतीने, लेखी करार करता येतो का? की आम्ही अर्जच लिहीत राहायचं?

नदीकाठ

वाचतोय. चौदा अर्ज, हे वाचून कसंसंच झालं.

कायदेवाचक

साखळीकर, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं एकसारखी नाहीत, म्हणून वेगवेगळी देतो. कामगार कायद्याची प्रकरणं बरीच वर्षं हाताळली आहेत.

संघटना करता येते. ठेकेदाराचा कामगार असला तरी. घटनेच्या कलम १९ मध्ये तो हक्क आहे आणि नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात. मात्र त्या आस्थापनेतल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके तरी सभासद हवेत.

वाटाघाटीचा हक्क मात्र त्याच्या पाठोपाठ आपोआप येत नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगून टाकलं की संघटना करणं हा मूलभूत हक्क असला तरी त्या संघटनेशी मालकाने बोललंच पाहिजे, किंवा तिला संप करता आलाच पाहिजे, असा मूलभूत हक्क त्यातून निघत नाही. जे काही मिळतं ते कायद्यातून. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मान्यताप्राप्त संघटनेशी प्रामाणिकपणे वाटाघाटी नाकारणं ही अनुचित प्रथा होती खरी, पण संघटनेला मान्यता कोणी आणि कशी द्यायची हे त्याच कायद्यात कुठेच नव्हतं. कुलूप लावायची शिक्षा लिहिलेली, पण दारच बसवलेलं नाही, अशी गत. महाराष्ट्राने स्वतःचा वेगळा कायदा करून हे दार बसवलं. गोव्यात तो कायदा नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे. तिच्यात 'वाटाघाटी करणारी संघटना' ही तरतूद प्रथमच देशभरासाठी आली. एकापेक्षा जास्त संघटना असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना बोलणी करणार. कोणाकडेच ५१ टक्के नसतील तर प्रत्येकी किमान २० टक्के असलेल्यांची मिळून वाटाघाटी परिषद. संहितेबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, संपाच्या अटी तर फारच कडक केल्या आहेत. पण मान्यतेचा मुद्दा कागदावर आला, हे तुमच्यासारख्यांनी वापरून घ्यावं.

आता खरी अडचण. संहितेत 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून सरकारची सार्वभौम स्वरूपाची कामं वगळली आहेत. तुमच्या समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलेल, "साथरोग नियंत्रण हे सार्वभौम काम आहे, इथे उद्योगाचा कायदा लागत नाही." त्याला उत्तर आहे आणि ते आपल्या नागपूरहून येतं. १९६० साली नागपूर महापालिका आणि तिचे कर्मचारी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पालिकेचा एकेक विभाग तपासला. आरोग्य विभागाच्या कामात साफसफाई होती, दवाखाने होते आणि साथींवर नियंत्रणही होतं. न्यायालयाने म्हटलं की ही सेवा खाजगी संस्थाही देऊ शकते, तेव्हा हा विभाग उद्योगच. पुढे १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती व्याख्या आणखी रुंद केली. त्या निकालाच्या फेरविचाराचा विषय नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला आणि संहितेची व्याख्या वेगळी आहे, म्हणून लढाई सोपी आहे असं म्हणणार नाही. पण कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत खाजगी पेस्ट कंट्रोलवाले तोच फवारा, तीच औषधं घेऊन रोज येतात. जे काम हॉटेल मालक पैसे देऊन करून घेतो ते गटारावर केलं की एकदम राजसत्तेचं कसं होतं, हा प्रश्न समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक-कामगार वादात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, तुम्ही स्वतः विचारा. वकिलाची वाट बघू नका.

पर्वरीचा रहिवासी

कामगारांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरत होत्या, तीन रात्री आम्ही जागून काढल्या. आमच्या कॉलनीत तेव्हा पंधरा दिवस कोणी फवारायला आलं नव्हतं. आता वाटाघाटी आल्या म्हणजे मागोमाग संप येणार. जून-जुलैत तुम्ही पंप खाली ठेवलात तर आमच्या मुलांनी काय करायचं? पोलिसांना जशी संघटनेची मोकळीक नाही तशीच आरोग्याच्या या कामालाही नसावी, असं मला मनापासून वाटतं.

साखळीकर

तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. आता बरा आहे ना?

दादा, मी संपाचा शब्द काढलेला नाही. पंधरा दिवस तुमच्याकडे कोणी आलं नाही म्हणता, ते का आलं नाही तेही बघा. आमच्याकडे गेल्या वर्षी अठरा माणसं होती, सहा जण कंटाळून सोडून गेले आणि चारच नवी आली. दिवसाला किती घरं करायची तो आकडा मात्र अठरा माणसांचाच राहिला. मग माणूस काय करतो? पुढची टाकी बघतो, मागच्या परसातले नारळाचे करट आणि जुने टायर राहून जातात. रजिस्टरमध्ये घर 'झालं'. मी स्वतः असं केलंय, खोटं कशाला सांगू. टायर राहिला की आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो.

घरांचा तो आकडा आमच्याशी बोलून ठरला असता तर तुमच्या कॉलनीच्या मागच्या बाजूला कोणीतरी पोचलं असतं.

कायदेवाचक

संपाबद्दल थोडं, कारण रहिवासींची भीती खरी आहे.

सरकारी सेवेतल्या कायम कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही, असं २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फार कठोर शब्दांत म्हटलं. ठेकेदाराच्या कामगाराची गोष्ट वेगळी, पण जुन्या कायद्यातही सार्वजनिक स्वच्छतेची व्यवस्था 'सार्वजनिक उपयोगिता सेवा' होती आणि तिथे नोटिशीशिवाय संप बेकायदेशीरच होता. संहितेने सगळ्याच आस्थापनांना १४ दिवसांच्या नोटिशीची अट घातली, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. समेटाची बोलणी चालू असताना तर संप करताच येत नाही.

म्हणजे पंप अचानक खाली ठेवणं कायद्याने जवळजवळ अशक्य आहे. अशा कामगाराच्या हातात मग उरतं काय? टेबल. तेही दिलं नाही तर तो नोकरी सोडून जातो, आणि सोडून जाण्याला कोणतीच नोटीस लागत नाही.

पोलिसांशी तुलना मला पटत नाही. त्यांच्यावर संघटनेची बंधनं घालणारा स्वतंत्र कायदा संसदेने केला आहे. फवारणी कामगारांसाठी असा कोणताही कायदा नाही.

निवृत्त खाणकामगार

पोरा, तुझी गोष्ट वाचली आणि रात्री झोप लागली नाही. मी डिचोलीकडचा. खाणीवर एकोणतीस वर्षं काढली. युनियनच्या कमिटीत अकरा वर्षं होतो. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ ला परत बंद. त्या काळात आमचं काय झालं ते सांगायला वेगळा धागा लागेल. पण चालू होत्या तेव्हा दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार व्हायचा आणि तो कसा व्हायचा ते सांगतो, कारण आज खाजगीत काम करणाऱ्या पोरांना हे ठाऊकच नाही.

आधी मागणीपत्रक. ते युनियनच्या पुढाऱ्याने घरी बसून लिहायचं नाही. प्रत्येक शिफ्टला जाऊन विचारायचं, डंपरवाला, वर्कशॉपवाला, कॅन्टीनवाला. आमच्या एका मागणीपत्रकात गमबुटाची ओळ होती. मॅनेजमेंट म्हणाली, वर्षाला एक जोडी. आम्ही म्हटलं, वर्षाला एक, आणि मध्येच फाटला तर फाटका देऊन नवा. या 'फाटका देऊन नवा'साठी दोन अख्ख्या बैठका गेल्या. लोक हसले आम्हाला. पण त्यानंतर पावसात कोणाचा पाय चिखलात कुजला नाही.

दुसरी गोष्ट. साहेबाच्या केबिनमध्ये एकट्याने जायचं नाही. कधीच नाही. साहेब चांगला असतो, चहा मागवतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि बाहेर येईपर्यंत तू अर्धी मागणी सोडून आलेला असतोस. पाच जणांनी जायचं, बोलायचं दोघांनी, लिहायचं एकाने. बैठक संपली की काय ठरलं आणि काय नाही ठरलं ते त्याच कागदावर दोन्ही बाजूंच्या सहीने. 'नाही ठरलं' तेसुद्धा लिहायचं, ते पुढे कामाला येतं.

तिसरी, सगळ्यात मोठी. आपापसात केलेला करार हा सही करणाऱ्यांपुरता. कामगार आयुक्तांच्या समोर, समेटात झालेला करार मात्र त्या आस्थापनेतल्या सगळ्यांना लागू, सभासद असो नसो, आज असलेला असो की उद्या कामाला लागणारा. तिघांना मिळालं, अकरांना नाही, असं त्यात होऊच शकत नाही. तुमच्या कामाचं ते तिथे आहे.

पेडणेवाला

काकांनी छान सांगितलं, पण मुळावर कोणी बोलत नाही. कायम करा ही एकच मागणी हवी. कायम झालं की मोजे, पगार, रजा, सगळं आपोआप. माझा मामेभाऊ सात वर्षं 'पुढच्या वर्षी कायम' ऐकतोय. संघटना करून ठेकेदाराशी बोलणं म्हणजे ठेकेदारी आपणच मान्य केल्यासारखं.

कायदेवाचक

पेडणेवाला, तुमचा राग योग्य आहे. पण २००६ च्या उमादेवी निकालानंतर न्यायालयं नुसत्या सेवेच्या वर्षांवरून कायम करण्याचा आदेश सहसा देत नाहीत. रीतसर भरती, मंजूर पद, हे सगळं बघितलं जातं. उलट २०१६ च्या जगजित सिंग निकालात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू केलं. म्हणजे दर्जासाठीचा रस्ता लांबचा आहे, वेतनाचा त्या मानाने जवळचा.

आणि दुसरं, थोडं कडू. 'कायम' हे फक्त सरकार देऊ शकतं, म्हणून ती मागणी माणसाला पुन्हा पुढाऱ्याच्या दारात नेऊन उभी करते. निवडणुकीच्या आधी आश्वासन, नंतर वाट बघणं. तुमच्या मामेभावाच्या सात वर्षांत हातमोज्यांचा करार सात वेळा होऊ शकला असता. कायम होण्याची मागणी मागणीपत्रकात जरूर घाला, पहिल्या क्रमांकावर घाला. तिच्यासाठी बाकीच्या मागण्या अडवून ठेवू नका.

पेडणेवाला

सात वेळा, हे खरं आहे. यावर उत्तर नाही माझ्याकडे. पण ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलतो, नवा आला की म्हणतो, जुन्याचा करार माझ्यावर बंधनकारक नाही. त्याचं काय?

कायदेवाचक

हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. म्हणूनच बोलणी फक्त ठेकेदाराशी करू नयेत. काम ज्या संस्थेचं, तो मुख्य मालक, त्यालाही विवादात पक्षकार करायचं आणि बैठकीला बोलवायचं. करारातल्या अटी पुढच्या निविदेत घालण्याची लेखी हमी त्याच्याकडून घ्यायची. निविदेच्या कागदात 'प्रत्येक कामगारामागे हातमोजे, बूट, मुखवटा, वैद्यकीय तपासणी' अशी ओळ असली की कमी दराची बोली लावून कामगाराच्या अंगावरून पैसे वाचवायची सोय संपते. ओळ नसली तर सगळ्यात स्वस्त बोली म्हणजे सगळ्यात जास्त फाटलेले मोजे.

म्हापशाची वैद्य

मी डॉक्टर आहे. कायद्यातलं फार कळत नाही, पण साखळीकरांनी त्यांच्या सोबत्याची जी लक्षणं लिहिली आहेत त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

उलट्या, घाम, अंधुक दिसणं. फॉगिंगला मॅलॅथिऑन वापरलं असेल तर ते ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं. हा गट शरीरातल्या कोलिनएस्टेरेज नावाच्या विकराला अडवतो. बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक होतात, लाळ सुटते, पोटात मुरडा येतो, स्नायू फडफडतात. वेळेत आणलं तर अ‍ॅट्रोपिनने माणूस वाचतो. सायफेनोथ्रिन किंवा पायरेथ्रमचा अर्क वापरला असेल तर गोष्ट वेगळी, तो गट या विकराला हात लावत नाही, त्यामुळे ही रक्ततपासणीही तिथे उपयोगी नाही. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे डब्यावरचं नाव. इस्पितळात जाताना औषधाच्या डब्याचा फोटो सोबत न्या. हे आजच करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

टेमिफॉसबद्दल लोक घाबरतात तसं घाबरू नये. ठरलेल्या मात्रेत ते पिण्याच्या पाण्यातही चालतं, जागतिक आरोग्य संघटनेनेच मर्यादा दिली आहे, लिटरमागे १ मिलिग्रॅम. पण ती पिणाऱ्याची मर्यादा. फाटक्या मोज्यातून ५० टक्क्यांचं मूळ औषध बुचाने मोजणाऱ्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. टेमिफॉसही ऑर्गॅनोफॉस्फरसच. आणि पाठीवरून कमरेपर्यंत झिरपणारं पाणी, हे वाचून मला राहवलं नाही. कातडीतून हे औषध शरीरात जातं. घामाने ओली पाठ आणखी लवकर शोषते.

कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये फवारणी करणाऱ्यांची कामावर घेण्यापूर्वी आणि पुढे ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सांगितलेली आहे. संरक्षक कपडे आणि श्वसनाचा मुखवटाही त्याच नियमांत आहे. म्हणजे तुम्ही नवीन काही मागत नाही. मागणीपत्रकात एवढं लिहा की पावसाळ्याआधी प्रत्येकाची कोलिनएस्टेरेजची पातळी तपासून ठेवायची. ही पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते, म्हणून आधीचा आकडा नसेल तर आजारी पडल्यावर आलेल्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. आणि तपासणीच्या निकालाची प्रत कामगाराला मिळाली पाहिजे.

ते चार दिवस गैरहजेरीत टाकणं मला वैद्यक म्हणून सहन होत नाही. फॉस्फरसच्या विषारी संयुगांमुळे होणारे आजार १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून होते, आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टातही आहेत.

गिरगाववासी

मुंबईहून. वर महाराष्ट्राच्या कायद्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. १९७१ चा आमचा कायदा, कामगारांच्या तोंडी 'एमआरटीयू पल्प'. ३० टक्के सभासदत्व सहा महिने टिकवून दाखवलं की औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळते. माझे वडील महापालिकेच्या कीटकनाशक विभागात होते, कायम. त्यांच्या वेळचं सगळं गोडगोड नव्हतं, पण बूट आणि साबण कधी मागावा लागला नाही. साबणसुद्धा करारात होता, महिन्याला किती वड्या ते लिहिलेलं. पुढे त्याच शहरात ठेक्यावरचे मूषक संहारक आले. रात्री ३० उंदरांचं लक्ष्य, बॅटरी आणि काठी घेऊन. कायम माणूस आणि ठेक्याचा माणूस एकाच गल्लीत, एकाला करार, एकाला नाही. वडील म्हणायचे, आम्ही तेव्हाच त्यांना आमच्या युनियनमध्ये घ्यायला हवं होतं. ती चूक त्यांना शेवटपर्यंत खात होती.

साखळीकर, तुमच्या इथले कायम फवारणी कामगार तुमच्या सोबत आहेत का?

साखळीकर

थोडे आहेत. ते निवृत्त झाले की जागा भरत नाहीत, ठेक्याने भरतात. त्यांच्यातले दोघे आतून मदत करतात, नाव पुढे येऊ देत नाहीत. तुमच्या वडिलांचं वाक्य त्यांना वाचून दाखवतो.

सत्तरीची लेक

मी पण याच कामात, सर्वेक्षणाला. फवारा नाही, पण घरोघरी भांडी, फ्रीजमागची ट्रे, कुंड्या, सगळं तपासणं. वरचे सगळे प्रतिसाद वाचले, आणि सगळे प्रतिसाद पुरुषांच्या कामाचे आहेत (डॉक्टरताई सोडून).

आमचं वेगळं आहे. दिवसभर फिरायचं तर लघवीला कुठे जायचं हा पहिला प्रश्न. मी सकाळी पाणी पीत नाही, दुपारपर्यंत डोकं दुखतं. फोटो स्वतःच्या फोनवरून पाठवायचे, डेटा आपला. एकट्या पुरुषाच्या घरात आत जायचं की नाही, हे ठरवायची मोकळीक नाही, कारण घर राहिलं तर आकडा राहतो. आणि आमच्याकडे रानातलंही काम आहे. २०१५ मध्ये पाळी गावात माकडतापाने, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या तापाने, माणसं गेली तेव्हापासून काजूच्या हंगामात मेलेल्या माकडाची बातमी आली की त्या जागेभोवती मॅलॅथिऑनची पूड टाकायला माणसं जातात. गोचीड अंगावर घेऊन घरी येतात, घरात लहान मुलं. अंगाला लावायचं तेल कधी मिळतं, कधी संपलेलं असतं.

तुमच्या त्या पाच जणांच्या कमिटीत किमान दोन बायका घ्या. नाहीतर हातमोज्यांवर करार होईल आणि आमचं पाणी न पिणं तसंच राहील.

निवृत्त खाणकामगार

लेकी, बरोबर बोललीस. आमच्या कमिटीत कधी बाई नव्हती. खाणीवर बायका होत्या, ट्रकवर माल भरायच्या आधीच्या काळापासून. आम्ही त्यांच्यासाठी शेड मागितली नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही ते.

पर्वरीचा रहिवासी

माझा मुलगा बरा आहे, साखळीकर, विचारल्याबद्दल आभार. दोन दिवस विचार करत होतो. तो टायरचा मुद्दा डोक्यातून जात नाही. आमच्या कॉलनीच्या मागे खरंच जुन्या टायरांचा ढीग होता. आम्ही सोसायटीने तो हलवला नाही आणि तुमच्या नावाने बोटं मोडत बसलो. तुमच्या मागणीपत्रकाला नागरिकांचं पत्र जोडायचं असेल तर आमच्या सोसायटीचं मी आणून देतो. संपाबद्दलची माझी काळजी तशीच आहे, तेही त्यात लिहीन.

साखळीकर

तीन आठवडे इथे आलो नाही, कारण रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी बसत होतो.

तीन तालुक्यांत मिळून त्या ठेकेदाराची ६२ माणसं निघाली. ४१ जणांच्या सह्या झाल्या. पहिली सही गेल्या जुलैत आजारी पडलेल्याने केली. पैसे परत मिळालेल्या तिघांपैकी दोघांनी केली, तिसरा अजून घाबरतोय, त्याला कोणी काही बोललेलं नाही आणि बोलणारही नाही. नोंदणीचा अर्ज दिला. मुकादमाने दोघांना बाजूला घेऊन "पुढच्या ठेक्यात नाव राहील का बघ" असं सांगितलं. कायदेवाचकांनी व्यक्तिगत निरोपात समजावलं की समेटाची कार्यवाही सुरू झाली की त्या वादाच्या संबंधात सेवाशर्ती मध्येच बदलता येत नाहीत, कारवाई करायची तर परवानगी लागते. ते सगळ्यांना वाचून दाखवलं. दोघांनीही सह्या मागे घेतल्या नाहीत.

मागणीपत्रकात कायम करण्याची मागणी पहिली. मग आजारपणाचे कापलेले दिवस आणि पावसाने काम बंद ठेवलेले दिवस, अकराही जणांचे. पावसाळ्याआधी रक्ततपासणी, निकालाची प्रत हातात. मोजे, बूट, मुखवटा, फाटका देऊन नवा, काकांचे शब्द तसेच ठेवले. पंप दुरुस्तीला वायसर आणि नोझलचा साठा प्रत्येक केंद्रावर. घरांचा रोजचा आकडा माणसांच्या संख्येवर, आणि परसाची वेगळी वेळ. फोनचा डेटा. पंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या शौचालयाची चावी सर्वेक्षणाच्या बायकांकडे. ही सगळी कलमं पुढच्या निविदेत. कमिटीत पाच जण, त्यात दोन बायका. एक सत्तरीची आहे, ती कोण ते इथल्यांना कळलंच असेल.

पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनातून, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून, बैठकीची नोटीस आली आहे, ठेकेदाराला आणि मुख्य मालकाला दोघांनाही. पुढच्या मंगळवारी, सकाळी अकरा. पिशवीत मागणीपत्रकाच्या सहा प्रती, पर्वरीच्या सोसायटीचं पत्र, औषधाचं बूच आणि तो फाटका मोजा घेतलाय. कालपासून डबा परत एकत्र खातोय, चौदापैकी तेरा जण.

काका, बैठकीचं इतिवृत्त कसं लिहायचं त्याचा तुमच्या वेळचा एखादा नमुना असेल तर फोटो काढून पाठवाल का? 'नाही ठरलं' ते कुठल्या रकान्यात लिहायचं, तेवढं समजत नाहीये.

निवृत्त खाणकामगार

ट्रंकेत १९९८ चा आहे. नात आली की फोटो काढून घेतो, सोमवारच्या आत पाठवतो. रकाना वेगळा नसतो रे. प्रत्येक मागणीच्या खाली तिथेच लिहायचं, तारीख घालून, आणि त्याच्या खालीच दोन्ही बाजूंच्या सह्या.